बायबलमधल्या स्त्रियांकडून शिकायचं कसं: सोलापुरातल्या नव्या भगिनींसाठी

मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, नव्याने येणाऱ्या बाईला पहिल्या महिन्याभरात तीन-चार सल्ले हमखास मिळतात. रूथसारखी हो. हन्नासारखी प्रार्थना कर. मरीयेसारखी नम्र राहा. सल्ला देणारी चहा घ्यायला निघून जाते. ऐकणारीला रूथ कोण, तिची गोष्ट कुठल्या पानावर आहे, आणि तिच्यासारखं व्हायचं म्हणजे उद्या सकाळी उठून नेमकं काय करायचं, यातलं काहीच कळलेलं नसतं. लग्न होऊन ख्रिस्ती घरात आलेल्या सुनांचं तर असं हमखास होतं. जन्मापासून मंडळीत असूनही शास्त्र स्वतः उघडून न वाचलेल्याही पुष्कळ आहेत, फक्त त्या तसं बोलून दाखवत नाहीत. हे लिखाण या सगळ्यांसाठी.

एक गोष्ट आधीच सांगते. या स्त्रियांच्या नावाने आपल्याला बहुतेक वेळा एकच धडा दिला जातो: सोसत राहा. शास्त्र उघडलं की दिसतं वेगळंच. हन्ना याजकाला (मंदिरातल्या पुजाऱ्याला) उत्तर देते, अबीगईल नवऱ्याला न विचारता निघते, सलाफहादाच्या मुली भरसभेत जमीन मागतात. विश्वास म्हणजे गप्प बसणं, असं त्यांच्यातल्या एकीनेही मानलेलं दिसत नाही. म्हणून वाचताना ‘ती कशी होती’ यापेक्षा ‘तिने काय केलं’ याकडे लक्ष ठेवा.

आधी शास्त्र आणि वही

घरात बायबल नसेल तर बायबल सोसायटीचं मराठी ‘पवित्र शास्त्र’ घ्या. पाळकसाहेबांना (मंडळीच्या धर्मगुरूंना) किंवा पाळकबाईंना सांगितलं तर ते मागवून देतात. जुन्या भाषांतराची भाषा थोडी जड आहे. अडखळायला होत असेल तर सोप्या भाषेतलं घ्या, त्यात कमीपणा नाही. आपल्याकडे प्रॉटेस्टंट मंडळ्यांतल्या शास्त्रात जुन्या कराराची ३९ आणि नव्या कराराची २७ पुस्तकं असतात. कॅथलिक घरातलं बायबल हातात आलं तर त्यात जुन्या कराराची काही पुस्तकं जास्त दिसतील. गोंधळू नका.

‘रूथ २:१७’ असं लिहिलेलं असतं, म्हणजे रूथचं पुस्तक, दुसरा अध्याय, सतरावं वचन. पान शोधायला सुरुवातीची अनुक्रमणिका वापरा. उपासनेत शेजारीण झटकन वचन काढते म्हणून लाजू नका, तिलाही कधीतरी अनुक्रमणिकाच लागत होती.

पूर्व भागात घरी तेलुगू आणि बाहेर मराठी बोलणाऱ्या भगिनी खूप आहेत. त्यांनी तेलुगू बायबल वाचावं. अध्याय आणि वचनांचे आकडे सगळ्या भाषांत जवळजवळ सारखेच असल्यामुळे एकत्र बसून दोन भाषांत वाचता येतं. वाचता येत नसेल तर मोबाइलवर ऐकता येतं. विड्या वळता वळता अख्खं रूथ ऐकून झालेल्या बायका मला माहीत आहेत.

वही साधी शंभर पानी चालते. ती लागतेच, कारण ऐकलेलं विसरतं.

सुरुवात रूथपासून, आणि घाई न करता

अनेक जणी उत्पत्तीपासून, म्हणजे पहिल्या पुस्तकापासून, सुरू करतात आणि तिसऱ्या, लेवीयपर्यंत येऊन थांबतात. तुम्ही रूथ घ्या. चार अध्याय, ८५ वचनं. एका बैठकीत वाचून होतं, पण मी म्हणते चार दिवस घ्या.

पहिला अध्याय सोलापूरकराला समजावून सांगावा लागत नाही. बेथलेहेमात दुष्काळ पडतो आणि अलीमलेख, नामी आणि त्यांची दोन मुलं जगायला म्हणून शेजारच्या मवाब देशात जातात. तिथे आधी नवरा जातो, पुढे सुमारे दहा वर्षांत दोन्ही मुलगे जातात, आणि मागे राहतात तीन विधवा: नामी, अर्पा, रूथ. नामी सुनांना माहेरी जायला सांगते. अर्पा जाते. तिला नावं ठेवू नका, शास्त्रानेही ठेवलेली नाहीत. रूथ जात नाही, म्हणते, ‘तुझे लोक ते माझे लोक, तुझा देव तो माझा देव.’

आपल्याकडे ही ओळ लग्नात वाचतात. ती नवऱ्याला म्हटलेली नाही, विधवा सुनेने विधवा सासूला म्हटलेली आहे, तीही दोघींच्या हातात काही नसताना. आणि रूथ मवाबी आहे. मवाब्यांना इस्राएलाच्या मंडळीत घेऊ नये, असं अनुवादाच्या २३व्या अध्यायात लिहिलेलं आहे. ‘आपण बाहेरून आलोय, इथल्या जुन्या ख्रिस्ती घराण्यांमध्ये आपली काय किंमत’ असं ज्या सुनेला वाटतं, तिने हे दोन-तीनदा वाचावं.

दुसरा अध्याय माझ्या आवडीचा. जवाच्या कापणीचे दिवस. रूथ सासूला विचारून सरवा वेचायला जाते. मंगळवेढ्याकडे ज्वारीची काढणी चालू असताना मागे राहिलेली कणसं वेचणारी बाई ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या कामात पाठीचं काय होतं ते ठाऊक आहे. मोशेच्या नियमशास्त्रात शेताच्या कडा पुऱ्या कापू नयेत, पडलेलं गोळा करू नये, ते गरिबासाठी आणि परक्यासाठी सोडावं, असं सांगितलं आहे (लेवीय १९:९-१०). म्हणजे रूथ भीक मागत नव्हती, आपला हक्क घेत होती. तरी ती मुकादमाला विचारून शेतात शिरते. शेताचा मालक बवाज गड्यांना सांगतो, हिला त्रास देऊ नका, पेंढ्यांतली काही कणसं मुद्दाम टाकून द्या. दुपारी तो तिला भाजलेलं धान्य देतो, आपला हुरडाच म्हणा ना. ती पोटभर खाते आणि उरलेलं बांधून ठेवते. संध्याकाळपर्यंत वेचते, मग ते झोडते. सुमारे एक एफा जव निघतात. एफा म्हणजे वीस-बावीस लिटरचं माप. ते ओझं घेऊन ती घरी येते आणि सासूला धान्य दाखवते, दुपारचा उरलेला घासही काढून देते.

त्या उरलेल्या घासापाशी थांबा. अख्ख्या पुस्तकात देवदूत नाही, चमत्कार नाही. आहे ती एक थकलेली बाई आणि तिने म्हातारीसाठी बांधून आणलेलं खाणं. पुढे तिचं बवाजाशी लग्न होतं, ओबेद होतो, ओबेदाचा इशाय, इशायाचा दावीद, तोच पुढे राजा झालेला. मत्तयाच्या पहिल्याच अध्यायात येशूच्या वंशावळीत तिचं नाव आहे, आणि बवाजाची आई म्हणून यरीहोच्या राहाबचंही.

वहीत चार ओळी

प्रत्येक गोष्टीनंतर फक्त एवढं लिहा. तिची अडचण काय होती? तिच्या हातात काय होतं? तिने काय केलं? देवाने काय केलं, आणि कधी? खाली या आठवड्यात आपण करायचं एक काम. एकच. ‘मी प्रेमळ होईन’ असं लिहू नका, ते कधी झालं ते कळत नाही. ‘बुधवारी सासूबाईंना डोळ्यांच्या तपासणीला नेईन’ असं लिहा.

रूथसाठी उदाहरण देते. अडचण: नवरा गेला, परका गाव, खायला नाही. हातात: अंगातली ताकद आणि सरव्याचा कायदा. केलं: विचारून शेतात गेली, दिवसभर राबली, घरी आणलं. देवाने: मुलगा शेवटच्या अध्यायात दिला, पण पहिल्याच दिवशी नेमकं बवाजाच्या शेतात नेलं. माझं काम: विधवा पेन्शनचा अर्ज शेजारणीसोबत जाऊन भरायचा.

हे असं लिहिलं की रूथ कॅलेंडरवरून खाली उतरते.

मग आपल्या परिस्थितीची बाई शोधा

क्रमाने सगळ्या वाचायची गरज नाही. आत्ता आपण कुठे उभ्या आहोत ते बघून घ्या.

मूल होत नसेल तर हन्ना, १ शमुवेल (म्हणजे शमुवेलाचं पहिलं पुस्तक) अध्याय १ आणि २. सवत पनिन्ना तिला टोचून बोलते, तेही वर्षानुवर्षं, आणि नेमकं शिलोला परमेश्वराच्या मंदिरात गेल्यावर. नवरा एलकाना चांगला माणूस आहे, पण म्हणतो काय, तर ‘मी तुला दहा मुलांपेक्षा जास्त नाही का?’ (नवऱ्यांनी हे वाक्य वापरू नये, कधीच उपयोगी पडलेलं नाही.) हन्ना मनातल्या मनात प्रार्थना करते, नुसते ओठ हलतात. एली याजकाला वाटतं ही प्यायलीय. ती अदबीने पण स्पष्ट सांगते, मी प्यायलेली नाही, माझं मन मी परमेश्वरापुढे मोकळं केलं. यानंतरचं अठरावं वचन खुणा करून ठेवा: ती परत गेली, जेवली, आणि तिचा चेहरा पुन्हा उदास दिसला नाही. शमुवेल अजून पोटातही नव्हता. मोकळं होणं आधी झालं, मूल नंतर आलं. ज्या भगिनीला मूल झालंच नाही तिलाही हन्नाचा हा अर्धा भाग पूर्ण लागू आहे.

आणि डॉक्टरकडे जा, दोघंही जा. तपासणी करणं म्हणजे विश्वास कमी असणं, असं कुणी म्हणालं तर शुभवर्तमान लिहिणारा लूक वैद्य होता हे त्यांना सांगा (कलस्सै ४:१४).

नवरा पिणारा किंवा तापट असेल तर अबीगईल, १ शमुवेल २५. तिचा नवरा नाबाल दाविदाच्या माणसांचा अपमान करतो आणि दावीद चारशे माणसं घेऊन घर कापायला निघतो. अबीगईल दोनशे भाकरी, द्राक्षारसाचे दोन बुधले, पाच मेंढरांचं मांस, भाजलेलं धान्य, मनुकांचे शंभर घड आणि अंजिरांच्या दोनशे ढेपा गाढवांवर लादते, नवऱ्याला न सांगता पुढे जाते आणि रक्तपात थांबवते. घरी परतते तर नाबाल पिऊन तर्र. ती सकाळ होईपर्यंत त्याच्याशी एक शब्द बोलत नाही. उतरल्यावर सगळं सांगते. यातला व्यवहार प्रत्येक पिणाऱ्याच्या घरात उपयोगाचा आहे: प्यायलेल्या माणसाशी वाद घालू नका, आणि घरावर संकट असताना त्याच्या परवानगीची वाटही बघू नका.

मारहाण होत असेल तर मात्र कुठल्याही गोष्टीतून ‘अजून सोस’ असा अर्थ काढू नका, आणि कुणी काढून दिला तर ऐकू नका. महिला हेल्पलाइन १८१, तातडीची मदत ११२. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा २००५चा कायदा सगळ्या धर्मांच्या बायकांना लागू आहे. पाळकबाईंना सांगा, विश्वासू मैत्रिणीला सांगा, आणि आधी सुरक्षित जागी जा. प्रार्थना तिथूनही पोचते.

बाहेर काम करत असाल तर प्रेषितांची कृत्ये काढा. सोळाव्या अध्यायात लुदिया आहे, थुवतीरा गावची, जांभळ्या कापडाचा व्यापार करणारी. अस्सल जांभळा रंग समुद्रातल्या गोगलगायींपासून निघायचा आणि भलता महाग असायचा, म्हणजे बाई पैसेवाल्या गिऱ्हाइकांत वावरणारी असावी. फिलिप्पै शहरात नदीकाठी ती प्रेषित पौलाचं बोलणं ऐकते, घरच्यांसह बाप्तिस्मा घेते आणि आग्रह करून पाहुण्यांना घरी उतरवते. पौल आणि त्याचा सोबती सीला तुरुंगातून सुटल्यावर पहिले तिच्याच घरी जातात. चादरी-टॉवेलच्या कारखान्यात, शिलाईच्या युनिटात काम करणाऱ्या सोलापूरच्या बाईला कापडवाली लुदिया लांबची वाटायचं कारण नाही. नवव्या अध्यायातली यापोची टबीथा विधवांसाठी अंगरखे शिवायची. ती मेल्यावर बायका रडत रडत येशूचा शिष्य पेत्र याला ते कपडेच दाखवतात. अठराव्या अध्यायात प्रिस्किल्ला नवऱ्याबरोबर तंबू शिवते आणि अपुल्लोसारख्या विद्वानाला घरी नेऊन शिकवतेसुद्धा. तिघींच्याही विश्वासाचं वर्णन त्यांच्या धंद्यासकट आहे. शिवणाचं काम ‘ऐहिक’ आणि प्रार्थना तेवढी ‘आत्मिक’, अशी वाटणी त्यांनी केलेली दिसत नाही.

वरिष्ठ चुकीचं काम करायला सांगत असतील तर निर्गमाचा पहिला अध्याय, शिप्रा आणि पुवा या सुइणी. मिसरच्या राजाने, फारोने, इस्राएली मुलगे मारायला सांगितलं, त्यांनी मारले नाहीत. गंमत बघा, त्या फारोचं नाव शास्त्रात दिलेलं नाही, सुइणींची दिलेली आहेत.

घरात नवरा विश्वासणारा नसेल आणि मुलांना एकटीने शिकवायचं असेल तर तीमथ्याची आई युनीके. तिचा नवरा ग्रीक होता. तिच्यावर फार काही लिहिलेलं नाही, प्रेषितांची कृत्ये १६:१, २ तीमथ्य १:५ आणि ३:१५ एवढंच, पण तिच्याबरोबर तीमथ्याची आजी लोईसही आहे. आजीला धरून ठेवा.

वारशाचा प्रश्न असेल तर गणना २७. सलाफहादाला मुलगा नव्हता. महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा या पाच मुली मोशे, याजक, सरदार आणि सगळ्या मंडळीपुढे उभ्या राहून विचारतात, मुलगा नाही म्हणून आमच्या बापाचं नाव का पुसायचं? आम्हाला वतन द्या. मोशे देवाला विचारतो आणि उत्तर येतं, मुली म्हणतात ते बरोबर आहे. ख्रिस्ती कुटुंबांना भारतीय वारसा कायदा १९२५ लागतो. मृत्युपत्र नसेल तर विधवेला एक तृतीयांश आणि उरलेल्यात मुलगा-मुलगी समान वाटेकरी. सही करण्याआधी कागद वकिलाला दाखवा. भावावर प्रेम असूनही दाखवा.

प्रार्थना आणि उपवास

एस्तेर राणीची गोष्ट, ४:१६, वाचून कुणीतरी तीन दिवस अन्नपाण्याविना उपवास धरायचं ठरवतं. एस्तेरच्या पुस्तकात देवाचं नावही कुठे येत नाही आणि तरी ते धाडसाने भरलेलं आहे, जरूर वाचा. पण सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळीसच्या वर असतो. त्या दिवसांत पाणी सोडू नका. मधुमेह, रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील, गरोदर असाल, अंगावर पाजत असाल, तर एक वेळचं जेवण किंवा मोबाइल सोडा. एस्तेरने उपवास केला तो राजाकडे जायचं धैर्य यावं म्हणून. उपवासानंतर तुम्ही कुणाकडे, कशासाठी जाणार आहात, ते आधी वहीत लिहा.

काही पक्के गैरसमज

मरीया मग्दालीया वेश्या होती, असं शास्त्रात कुठेही नाही. तिच्यातून सात भुतं निघाली होती, एवढंच लूक ८:२ सांगतो, आणि पुढच्याच वचनात ती, योहान्ना, सुसान्ना आणि इतर बायका आपल्या पैशाने येशूची आणि शिष्यांची सेवा करत होत्या, असं आहे. वेश्येची समजूत पक्की झाली ती पोप ग्रेगरी यांनी ५९१च्या सुमारास दिलेल्या प्रवचनामुळे. त्यांनी दोन-तीन वेगवेगळ्या स्त्रिया एक करून टाकल्या. योहान २० मध्ये पुनरुत्थित येशू पहिल्यांदा तिलाच दिसतो आणि शिष्यांना निरोप द्यायला तिलाच पाठवतो.

मार्थेवर तर फारच अन्याय होतो. लूक १० मधला प्रसंग, येशू घरी आलेला असताना मार्था कामात आणि बहीण मरीया त्याच्या पायाशी बसलेली, सगळ्यांना पाठ. योहान ११:२७ मध्ये भाऊ मेलेला असताना ‘आपण देवाचे पुत्र ख्रिस्त आहात’ असं ठणकावून म्हणणारी मार्थाच आहे, हे कुणाच्या लक्षात नसतं. महिला सभेत चहा-नाश्ता करायला मागे राहिलेल्या भगिनींना ‘मार्था होऊ नका’ म्हणणाऱ्या बाईंनी आधी कप विसळायला जावं.

आणि विश्वासू स्त्रीचं प्रत्येक वागणं अनुकरणीय नसतं. साराने हागारेचा छळ केला, तो शास्त्राने लिहून ठेवला आहे, शिकवलेला नाही. त्या गोष्टीत हागारेकडून शिका: छळाला कंटाळून पळालेली परकी दासी, आणि देवाला ‘मला पाहणारा’ असं नाव देणारी तीच (उत्पत्ती १६:१३).

दोघी-तिघी मिळून

एकटीने वाचून चार आठवड्यांत उत्साह ओसरतो. तीन ते सहा जणी पुरे. विड्या कारखान्यात देऊन झाल्यावर किंवा मुलं शाळेत असताना, तासभर. एकीने वाचायचं, बाकीच्यांनी वहीतल्या चार ओळी सांगायच्या, शेवटी एकमेकींसाठी प्रार्थना. नवीन आलेलीला मोठ्याने प्रार्थना करायला भाग पाडू नका. गटात बोललेलं गटाबाहेर जाणार नाही, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा, प्रार्थनेचा विषय म्हणूनसुद्धा नाही. चुगल्या बहुतेक वेळा याच दाराने बाहेर पडतात. आणि भिशी त्याच दिवशी ठेवू नका. दोन्ही एकत्र ठेवलं की शास्त्र मागे पडतं, भिशी कधीच पडत नाही.

वर्षातून एकदा जमलं तर केडगावला मुक्ती मिशन पाहायला जा. सोलापूर-पुणे रेल्वेमार्गावर दौंडच्या पुढे आहे. सगळ्या गाड्या थांबत नाहीत, वेळापत्रक बघून निघा. पंडिता रमाबाईंनी (१८५८-१९२२) दुष्काळातल्या विधवांना आणि मुलींना तिथे आसरा दिला. मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी अख्खं बायबल साध्या मराठीत आणलं आणि तिथल्या बायकांनीच ते छापलं. जाण्याआधी गटाने रूथ वाचून ठेवावं.

रूथनंतर काय, असं विचाराल तर हन्ना, मग लुदिया, मग आपापल्या गरजेप्रमाणे. सगळं झाल्यावर रोमकरांस पत्राचा १६वा अध्याय काढा. नुसती नावं वाटतात म्हणून लोक तो ओलांडून जातात. फिबीपासून सुरू करा आणि त्यातल्या बायकांची नावं वहीत उतरवून काढा. कोण कशासाठी ओळखली जायची ते पौलाने बहुतेकींबद्दल अर्ध्या ओळीत लिहिलं आहे, तेही समोर लिहा. दहा सापडल्या पाहिजेत. त्यातल्या दोघींची नावं दिलेली नाहीत, एक रूफची आई आणि एक निरियाची बहीण, त्या नजरेतून सुटतात.